बोनेटखालची सफाई: सोलापूरच्या गाडीमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न शहरातल्या आणि जिल्ह्यातल्या गाडीमालकांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले आहेत. शब्द शक्यतो त्यांचेच ठेवलेत. सगळ्या उत्तरांमागे माझं एकच मत आहे आणि ते आधीच सांगून टाकतो: बोनेटखालचा भाग धुवायचा नसतो, पुसायचा असतो. आपल्याकडे नळाला कित्येकदा चार-चार दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे कमी पाण्याची पद्धत सोलापूरकराला आपोआप पटते. पण पाणी मुबलक असतं तरी मी हेच सांगितलं असतं, कारण इंजिनाला तेच मानवतं.

१. बोनेटखाली साफ करायची गरजच काय? तिथे कोण बघतंय?

तुम्ही स्वतः बघायचंय. धूळ आणि तेल मिळून जो काळा चिकटा बसतो, त्याच्याखाली गळती लपते. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग पाझरत असेल, कूलंटच्या पाइपाच्या टोकाला गुलाबी किंवा हिरवट पापुद्रा धरत असेल, वायरला उंदराने दात लावले असतील, तर स्वच्छ इंजिनावर ते आठ दिवसांत नजरेला येतं. कळकट इंजिनावर येतं ते गाडी हायवेवर बंद पडल्यावर. शिवाय काचेखालच्या जाळीत लिंबाचा पाला साठला की पाण्याची भोकं बुजतात आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी केबिनमध्ये उतरतं. सफाईने गाडीचं ॲव्हरेज वाढतं असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. रेडिएटरची जाळी बुजली असेल तर ती गोष्ट वेगळी, त्यासाठी प्रश्न १६ पाहा.

२. वर्षातून किती वेळा करायचं? आणि कोणत्या महिन्यात?

दोनदा पुरे. आपल्याकडे पावसाचा जोर बहुतेक वर्षी सप्टेंबरात असतो, म्हणून पहिली सफाई पाऊस सरल्यावर. दसऱ्याला गाडीची पूजा असते, त्यामुळे आदल्या दिवशी सगळ्या वॉशिंग सेंटरवर रांगा लागतात आणि घाईत काम बिघडतं. आठ दिवस आधी घरी करून टाका.

दुसरी सफाई मार्चच्या अखेरीस. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम तोवर संपत आलेला असतो. ज्यांची गाडी कारखान्याच्या आसपास उभी असते, त्यांच्या बोनेटखाली चिमणीची बारीक काळी राख सापडतेच. ती कोरडी असताना ब्रशने सहज निघते. ओली केली की डाग धरते, म्हणून आधी झाडायची, मग पुसायची. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की हे काम सूर्य उगवायच्या आत, सावलीतच करा. नाहीतर फवारलेलं द्रावण पुसायच्या आत वाळतं आणि प्लास्टिकवर ओघळ उमटतात.

३. घरी करायचं तर काय काय सामान लागेल?

अर्धी बादली पाणी. दोन स्प्रे बाटल्या, एकीत क्लीनर आणि दुसरीत साधं पाणी. रंगकामाचा दीड-दोन इंची मऊ ब्रश (त्याच्या पत्र्याच्या कडेला चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे ओरखडे पडत नाहीत) आणि दात घासायचा जुना ब्रश. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, टॉर्च. झाकायला प्लास्टिकच्या पिशव्या आणि रबरबँड.

आणि टॉवेल. टॉवेलच्या गावात राहून लोक बाहेरून मागवलेली महागडी फडकी वापरतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. आपल्या टर्किश टॉवेलचे सेकंड, कटपीस कुठल्याही कारखानदाराकडे स्वस्तात मिळतात आणि चिकटा उचलायला त्याच्या फासांसारखं दुसरं काही नाही. मात्र नवा टॉवेल तंतू सोडतो. तीन-चार वेळा धुऊन मगच वापरा, आणि बेल्ट-पुलीजवळ किंवा कपलरच्या (वायरी जोडायच्या प्लास्टिकच्या सॉकेटच्या) पिनांवर तो लावू नका. तिथे मायक्रोफायबर.

४. नेमकं करायचं कसं? पहिल्यापासून सांगा.

गाडी रात्रभर उभी राहिलेली असावी. किल्ली काढा आणि बोनेट उघडून आधी मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढा. हा टप्पा सगळे गाळतात. ओलसर तेल कुठून सुरू होतं, कोणता पाइप पाझरतो, हे सगळं तुम्ही पुसून टाकणार आहात. मिस्त्रीला दाखवायला पुरावा हवा.

मग कोरडी सफाई: पाला-पाचोळा हाताने, धूळ ब्रशने, शक्य असेल तर व्हॅक्यूमने. निम्मं काम इथेच होतं. ऑइलचं झाकण आणि डिपस्टिक घट्ट बसलीय ना बघा, प्रश्न १० मध्ये सांगितलेल्या वस्तू झाका.

आता एका वेळी वहीच्या पानाएवढाच भाग घ्या. क्लीनर इंजिनावर न फवारता ब्रशवर किंवा टॉवेलवर फवारा. घासा, थंडीच्या दिवसांत तीन-चार मिनिटं आणि उन्हाळ्यात मिनिटभर ठेवा, पण वाळू देऊ नका. ओल्या पिळलेल्या टॉवेलने पुसा, टॉवेलची घडी बदलून पुन्हा पुसा. साबणाचा अंश राहिला तर तो नंतर धूळ ओढतो, म्हणून साध्या पाण्याच्या टॉवेलने दोनदा पुसायला आळस करू नका. वरून खाली या. मोठी प्लास्टिकची कव्हरं सुटत असतील तर सोडवून वेगळी धुवा, तिथे हवं तेवढं पाणी वापरा. पण कव्हर काढल्यावर खाली कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीची वीज देणारे भाग) उघड्या पडत असतील तर त्या भागावर पाण्याचा थेंबही नको.

बोनेटच्या आतल्या बाजूला जी काळी गादी असते ती ओली करू नका. ती पाणी धरून ठेवते आणि लोंबायला लागते. मऊ ब्रशने झाडली की झालं.

शेवटी झाकलेल्या पिशव्या काढा. सगळ्या, मोजून. मग बोनेट उघडं ठेवून गाडी दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. हात, ओढणी, गळ्यातली साखळी पंख्यापासून लांब. सुरुवातीला थोडी वाफ दिसेल, ती ठीक. जळका वास येत राहिला तर गाडी बंद करा आणि सायलेन्सरकडच्या गरम भागावर एखादं फडकं किंवा पिशवी राहिलीय का ते बघा.

५. गरम इंजिनावर मळ लवकर सुटतो म्हणतात. खरं का?

कोमट इंजिनावर सुटतो, हे खरं. हात निवांत ठेवता येईल इतकं कोमट चालेल. त्याहून गरम असेल तर तीन तोटे आहेत. क्लीनर लगेच वाळतो, गरम धातूवर गार पाणी पडून भाग तडकू शकतो, आणि तेलासारखं ज्वालाग्राही काही वापरत असाल तर तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या गरम भागावर) ते पेटू शकतं. पुण्याहून येऊन लगेच बोनेट उघडून बसू नका. अनेक गाड्यांत रेडिएटरचा पंखा किल्ली काढल्यावरही आपोआप फिरायला लागतो, त्यात बोटं जातात.

६. डीग्रीझर कोणता घ्यायचा? दुकानात दहा प्रकार आहेत, सगळेच ‘बेस्ट’ म्हणतात.

बाटलीवरचा फोटो सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा. डीग्रीझर म्हणजे तेलकट चिकटा सोडवणारं द्रावण, आणि त्याचे प्रकार खरं तर तीनच आहेत.

पहिला, पाण्यात मिसळणारा ऑल-पर्पज क्लीनर. दहापैकी नऊ घरगुती गाड्यांना एवढाच पुरतो. साध्या धुळीला एकास दहा, म्हणजे ५० मिली क्लीनर आणि ५०० मिली पाणी. तेलकट चिकट्याला एकास चार. याहून घट्ट करून फायदा होत नाही, पुसायचं काम तेवढं वाढतं.

दुसरा, पाण्यात मिसळणाराच पण जास्त अल्कधर्मी डीग्रीझर. वर्षानुवर्षं हात न लावलेल्या इंजिनाला तो लागतो. यात एक धोका आहे. ज्यात कॉस्टिक सोडा असतो तो ॲल्युमिनियमवर प्रक्रिया करतो, धातू काळपट, खरखरीत होतो आणि ती चमक परत येत नाही. आजच्या इंजिनात हेड, टॅपेट कव्हर, अल्टरनेटरची (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची) बॉडी, कितीतरी भाग ॲल्युमिनियमचे असतात. म्हणून ‘ॲल्युमिनियमसाठी सुरक्षित’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. सुट्या कॅनमध्ये मिळणारं, लेबल नसलेलं ‘इंजिन वॉश लिक्विड’ तर अजिबात नको. त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

तिसरा, सॉल्व्हंटवाला: स्प्रे कॅनमधला डीग्रीझर, ब्रेक क्लीनर वगैरे. जुनं, दगडासारखं झालेलं ग्रीस त्याने विरघळतं. पण तो पेट घेतो, काही प्लास्टिक मऊ करतो, रंग खातो. उघड्या धातूच्या ठरावीक जागेवर, फडक्यावर मारून, थंड इंजिनावर, मोकळ्या हवेत वापरा. संत्र्या-लिंबाच्या सालीचा वास येणारे क्लीनर सौम्य वाटतात, पण त्यातलं सालीचं तेल हेही सॉल्व्हंटच आहे. रबरावर ते ठेवून देऊ नका.

डब्ल्यूडी-४० बद्दलही विचारतात. चिकट लेबलचा डिंक काढायला, गंजलेला बोल्ट सोडवायला ते चांगलं. पूर्ण इंजिन त्याने पुसलं तर मागे तेलकट थर राहतो आणि आठवड्यात धूळ पुन्हा हजर. कपलरच्या पिनांसाठी वेगळा काँटॅक्ट क्लीनर मिळतो, तो सुकल्यावर काही मागे ठेवत नाही. हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरला मात्र त्याचा स्वतःचा क्लीनर सोडून दुसरं काहीही लावायचं नाही.

७. आमचा मिस्त्री डिझेल मारून ब्रशने घासतो, वर्षानुवर्षं तेच करतो. कधी काही झालं नाही. मग चूक काय?

मिस्त्रीचा हेतू वाईट नाही. जुन्या गाड्यांत रबर कमी, वायरिंग त्याहून कमी होतं, तेव्हा हे खपून गेलं. आजच्या गाड्यांत कूलंटचे पाइप सहसा ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. ते रबर उष्णता आणि पाणी वर्षानुवर्षं सोसतं, पण पेट्रोलियम तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. डिझेल मारलं की इंजिन दोन दिवस काळंभोर चमकतं, मग तोच तेलकट थर आपल्या रस्त्यावरची सगळी धूळ धरून बसतो. वास एसीतून आत येतो तो वेगळाच.

रॉकेल त्याहून धोक्याचं. त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो आकडा, साधारण ३८ अंशांच्या आसपास असतो. सोलापूरच्या मे महिन्यातल्या दुपारी सावलीतच त्याहून जास्त तापमान असतं. पेट्रोलने पुसणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगतो, करू नका. सुटा केलेला लोखंडी भाग गॅरेजच्या ट्रेमध्ये डिझेलने धुणं ही वेगळी गोष्ट, तिथे हरकत नाही.

८. भांड्यांचा लिक्विड साबण, कपड्यांची पावडर, बाथरूमचं ॲसिड, यातलं काय चालेल?

भांड्यांचा लिक्विड साबण चालतो. लिटरभर पाण्यात एक चमचा, आणि नंतर साध्या पाण्याने दोनदा पुसणं. कपड्यांच्या पावडरीत धुण्याचा सोडा असतो, तो सांदीत पांढरा होऊन बसतो आणि ॲल्युमिनियम फिकं करतो, म्हणून नको. टॉयलेट-बाथरूमचं ॲसिड कुठेच नको, नटबोल्ट आठवड्यात गंजतात.

९. वॉशिंग सेंटरवाला सांगतो, प्रेशरने इंजिन धुऊन देतो, पाच मिनिटांचं काम. गाडीतले कपलर वॉटरप्रूफ असतात ना?

असतात, पण कशाला वॉटरप्रूफ हे बघावं लागतं. इंजिनातल्या बऱ्याच कपलरना आणि सेन्सरना आयपी६७ दर्जा असतो. त्याचा अर्थ, धूळ आत जात नाही आणि एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी पाणी शिरत नाही. जोराच्या फवाऱ्याबद्दल तो दर्जा काहीच सांगत नाही. त्यासाठी आयपी६९के हा वेगळा दर्जा आहे. आता फवाऱ्याचा जोर बघा. तुमच्या टायरमध्ये साधारण २.२ बार हवा असते. वॉशिंग सेंटरच्या मशीनचा दाब १०० बार आणि त्यापुढेही जातो. दहा वर्षं उन्हात कडक झालेलं कपलरचं रबर त्यापुढे टिकत नाही. पाणी आत गेलं की लगेच काही होत नाही. दोन-तीन महिन्यांनी पिना हिरव्या पडतात आणि कधी चेक इंजिनचा दिवा लागतो, कधी विझतो असा बिघाड सुरू होतो. तो शोधता शोधता मिस्त्री आणि मालक दोघंही थकतात.

तरी सेंटरवरच करायचं असेल तर शेजारी उभे राहा. गन किमान तीन फूट लांब, फवारा पसरट, आणि अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, कॉइल यांच्याकडे रोखलेला नसावा. वाफेची मशीन जाणत्या हातात असेल तर मला पसंत आहे, पाणी फार थोडं लागतं. पण नोझल एकाच जागी धरून ठेवला तर स्टिकर उचलतात, प्लास्टिक वाकडं होतं. गाडी बाहेरून धुवायला देताना ‘बोनेट उघडू नका’ एवढं सांगायला विसरू नका, काही जण सवयीने उघडतात.

१०. काय काय झाकायचं?

अल्टरनेटर (जुने मिस्त्री याला डायनामो म्हणतात), फ्यूज बॉक्स, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), एअर फिल्टरचं तोंड, पेट्रोल गाडीत कॉइल, आणि बॅटरीची टोकं. पुसायच्याच पद्धतीने करणार असाल तरी झाका, बाटली हातातून सटकते. पिशवी सैल बांधा आणि किती बांधल्या ते कागदावर लिहून ठेवा. डिझेल टर्बो गाडीत इंटरकूलरचा (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीचा) पाइप काढलेला असेल तर त्याचं तोंड झाकल्याशिवाय कुठलंही काम सुरू करू नका.

११. बॅटरीची वायर काढायची का? आणि टोकांवर ती पांढरी-हिरवी पावडर कसली?

नुसतं पुसायचं असेल तर काढायची गरज नाही. पंख्याजवळ हात घालणार असाल तर काढलेली बरी. १० नंबरच्या पान्याने आधी निगेटिव्ह, नंतर पॉझिटिव्ह. जोडताना उलटं, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. नव्या गाड्यांत वायर काढल्यावर घड्याळ, काचांचं ऑटो सेटिंग, कधी म्युझिक सिस्टिमचा कोड पुन्हा द्यावा लागतो, म्हणून आधी गाडीचं पुस्तक उघडा.

ती पावडर म्हणजे ॲसिडच्या वाफेने धातूवर धरलेले क्षार. कपभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घ्या, दात घासायच्या ब्रशने लावा, फेस थांबेपर्यंत घासा, ओल्या फडक्याने पुसा. बॅटरीच्या झाकणांच्या भोकांत सोड्याचं पाणी जाऊ देऊ नका. कोरडं झाल्यावर वायर जोडून वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. दोन महिन्यांत पावडर परत आली तर बॅटरी किंवा चार्जिंग तपासून घ्या.

१२. आमच्याकडे बोअरचंच पाणी आहे. पुसल्यावर सगळीकडे पांढरे डाग उरतात. काय करू?

जुळे सोलापुरापासून विजापूर रोडपर्यंत हा प्रश्न सगळ्यांचा. बोअरच्या जड पाण्यातले क्षार पाणी वाळल्यावर तिथेच राहतात. पाणी वाळू द्यायचंच नाही, लगेच कोरड्या टॉवेलने टिपायचं. शेवटचा हात फिरवायला डिस्टिल्ड वॉटरचा, म्हणजे बॅटरीच्या पाण्याचा एक कॅन आणा. लिटरभरात दोन सफाया होतात. घरच्या एसीच्या नळीचं पाणी साठवलं तर तेही चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात.

बरेच जण आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी गाडीसाठी वापरतात. पाणी वाचवायची तळमळ मला कळते, पण त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, कारण गाळून काढलेले सगळे त्यातच सोडलेले असतात. ते फरशीला वापरा, इंजिनाला नको.

पडलेले डाग प्लास्टिकवरून काढायला पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, फडक्यावर घेऊन. मिनिटभराने पुसून टाका. ॲल्युमिनियमवर ते रेंगाळू देऊ नका.

१३. इंजिन धुतलं आणि आता गाडी मिसिंग मारतेय, चेक इंजिनचा दिवा लागलाय. काय बिघडलं?

पेट्रोल गाडी असेल तर बहुधा स्पार्क प्लगच्या खोबणीत पाणी साठलंय. हे माझ्याच हातून झालेलं आहे. सुरुवातीच्या काळात एका गिऱ्हाइकाची गाडी मी पाइप लावून धुतली. वरून सगळं कोरडं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कुटुंबाला घेऊन अक्कलकोटला निघाले आणि कुंभारीच्या पुढे गाडी झटके खायला लागली. मी तिथे गेलो, कॉइल वर ओढल्या, तर दोन खोबणींत बोटभर पाणी. लहान मुलं रस्त्याच्या कडेला बसलेली होती, ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. त्या दिवसापासून मी इंजिनावर पाइप धरलेला नाही.

उपाय असा. गाडी बंद करा. कॉइलचा कपलर काढून कॉइल सरळ वर ओढा, खोबणीतलं पाणी टायरवाल्याच्या हवेने उडवा किंवा टॉवेलची गुंडाळी आत घालून टिपून घ्या. प्लग काढण्याआधी खोबण पूर्ण कोरडी हवी, नाहीतर तेच पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. कॉइलचं रबर पुसून, वाळवून परत बसवा.

दिवा नुसता लागलेला असेल तर हळू चालवत गॅरेज गाठता येतं. तो लुकलुकत असेल तर चालवू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि निकामी होतो. तो भाग महाग आहे. कोरडं केल्यावरही दिवा राहिला तर स्कॅनर लावून बघा.

बेल्ट किंचाळत असेल तर पाच मिनिटांत थांबेल. नाही थांबला तर त्यावर क्लीनर किंवा पॉलिश गेलंय.

१४. साफ केल्यावर शोरूमसारखी चमक कशी आणायची?

पाण्यावर आधारित प्लास्टिक ड्रेसिंग घ्या, फडक्यावर घेऊन प्लास्टिकच्या कव्हरांना आणि पाइपांना लावा, दहा मिनिटांनी जादा राहिलेलं पुसून टाका. बेल्ट, पुली, सायलेन्सरचा गरम भाग यांना लावू नका. सिलिकॉनचा स्प्रे चालू इंजिनाजवळ तर नकोच. त्याची वाफ हवेबरोबर आत ओढली गेली तर ऑक्सिजन सेन्सर खराब होतो. मला स्वतःला कोरडं, फिकट काळं इंजिन जास्त आवडतं. त्यावर तेलाचा एक थेंब आला तरी दिसतो.

१५. उंदराने वायर खाल्ली. साफ करून उंदीर यायचे थांबतील का?

थांबतील असं नाही, पण कमी होतील. उंदीर वासाच्या खुणेवर परत येतात, त्यामुळे मुताचे डाग आणि लेंड्या साफ केल्याशिवाय कोणताही स्प्रे मारून उपयोग नाही. मात्र हे काम कोरडं झाडून करू नका. लेप्टोस्पायरोसिससारखे आजार उंदराच्या मुतातून पसरतात. मास्क, मोजे घाला, जंतुनाशक पाण्याने आधी भिजवा, पाच-दहा मिनिटांनी कागदाने उचला आणि पिशवीत बांधून टाका.

डांबर गोळ्या ठेवू नका, इंजिनाच्या उष्णतेने त्यांची वाफ होते आणि एसीतून तुमच्या नाकात जाते. तंबाखूची पुडी चार दिवस काम करते, वास उडाला की संपलं. गाडी धान्याच्या पोत्यांजवळ किंवा उकिरड्याशेजारी लावत असाल तर जागा बदलणं हाच खरा उपाय. खाल्लेल्या वायरला नुसती टेप गुंडाळून चालवू नका, मिस्त्रीकडून नीट जोडून घ्या.

१६. रेडिएटरची जाळी बुजलीय, एसीही कमी गार करतो. ती तरी पाण्याने धुवू का?

हो. बोनेटखाली पाण्याची धार सोडायची ही एकच जागा. समोर एसीचा कंडेन्सर आणि त्याच्यामागे रेडिएटर असतो, दोघांच्या पातळ पत्र्या बोटानेही वाकतात. नळाच्या साध्या धारेने, शक्य झालं तर इंजिनाच्या बाजूकडून समोर, म्हणजे घाण ज्या बाजूने आली तिकडेच परत ढकला. गाडी पूर्ण थंड हवी. प्रेशर गन इथे लावली तर पत्र्या आडव्या होतात आणि हवा जायची बंद होते. यंत्रमागांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या जाळीत मला कापसाच्या तंतूंचा थर सापडलाय. तो आधी कोरडाच मऊ ब्रशने उभ्या दिशेत काढा, भिजला की लगदा होतो.

१७. पूजेच्या वेळी इंजिनावर हळद-कुंकू, नारळाचं पाणी पडतं. त्याने काही होतं का?

नारळपाणी साखरेमुळे चिकट होतं आणि मुंग्या लागतात, त्याच दिवशी ओल्या फडक्याने पुसून घ्या. झेंडूच्या पाकळ्या काचेखालच्या जाळीत पडल्या असतील तर वेचून काढा. नारळ चाकाजवळ वाढवावा, हार बोनेटच्या बाहेर बांधावा. पूजा तितकीच मनोभावे होते.

१८. माझी सीएनजी गाडी आहे. काही वेगळं?

रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅसची इंजेक्टर रेल (इंजिनात गॅस सोडणारी नळी) आणि सीएनजीचा वेगळा ईसीएम, हे तिन्ही झाका. बाहेरून बसवलेल्या किटचे कपलर कंपनीच्या कपलरइतके घट्ट नसतात. काही गाड्यांत गॅस भरायचा व्हॉल्व्ह बोनेटखालीच असतो, त्याचं टोपण लावलेलं हवं. सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद करा. प्रश्न ६ मधले सॉल्व्हंटवाले स्प्रे या गाडीवर वापरू नका. गॅसचा वास आला तर काम थांबवून गाडी किटवाल्याकडे न्या, आधी सफाई पुरी करू असं म्हणू नका.

१९. हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक गाडीचं काय?

भगव्या रंगाच्या जाड वायरी दिसल्या की समजा, त्यात शेकडो व्होल्ट असतात. तिथे ब्रश नको, फवारा नको. आजूबाजूचं प्लास्टिक किंचित ओलसर फडक्याने पुसा. हायब्रीड ‘रेडी’ स्थितीत असेल तर इंजिन केव्हाही आपोआप चालू होतं, म्हणून गाडी पूर्ण बंद करून स्मार्ट किल्ली घरात ठेवून या.

२०. शेतावरची जुनी डिझेल जीप आणि ट्रॅक्टर आहे. त्यात इलेक्ट्रॉनिक्स नाहीच. मग पाणी मारायला काय हरकत?

बरीच मोकळीक आहे, मान्य. चिखल काळ्या मातीचा असेल तर पाण्याशिवाय निघतही नाही. स्टार्टर, अल्टरनेटर आणि एअर क्लीनरचं तोंड झाका. एक मोठी अट: इंजिन चालू किंवा गरम असताना डिझेल पंपावर गार पाणी टाकू नका. पंपाच्या आतले भाग अत्यंत बारीक फटीत फिरतात. बाहेरची बॉडी अचानक आकसली तर पंप जाम होतो. नांगरट करून आल्या आल्या ट्रॅक्टर धुवायची सवय असेल तर ती सोडा, रात्रभर थांबा.

२१. वॉरंटीला काही अडचण येते का?

पुसण्याने येत नाही. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तकात इंजिनावर जोराचं पाणी मारू नये अशी सूचना असते, आणि कपलरमध्ये पाणी सापडलं तर दुरुस्तीचा खर्च तुमच्यावर येऊ शकतो. सर्व्हिसला गाडी देताना ‘इंजिन ड्रेसिंग’सारखी ओळ बिलात आपोआप येते. नको असेल तर जॉब कार्डवर सही करण्याआधीच खोडून घ्या.

२२. जुनी गाडी बघायला गेलो. इंजिन आरशासारखं होतं. चांगलं लक्षण ना?

सावध व्हायचं लक्षण. आदल्या दिवशी धुऊन, तेलकट ड्रेसिंग मारून गळती झाकलेली असू शकते. मालकाला सांगा, तुळजापूरला जाऊन येऊ. जाऊन-येऊन साधारण नव्वद किलोमीटर होतात आणि घाटही लागतो. परत आल्यावर टॉर्च घेऊन टॅपेट कव्हरची कड, टर्बोचे पाइप, पाण्याच्या पंपाखालची जागा बघा, आणि गाडी उभी होती तिथे खाली पुठ्ठा टाका. थोडी धूळ असलेलं, पण कोरडं इंजिन मला त्या आरशापेक्षा जास्त भरवशाचं वाटतं. आणि तुम्ही गाडी विकणार असाल तर महिनाभर आधी साफ करा आणि घेणाऱ्याला प्रश्न ४ मधले फोटो दाखवा. भाव करताना उपयोग होतो.

२३. पुसून झाल्यावर ते काळं पाणी आणि तेलकट फडकी कुठे टाकायची?

गटारात किंवा झाडाच्या आळ्यात नको. अर्ध्या बादलीच्या पद्धतीत काळं पाणी तीन-चार लिटरच निघतं. गाडीखाली जुनं पोतं किंवा पुठ्ठा अंथरा म्हणजे ओघळ तिथेच जिरतो. बादली रात्रभर ठेवा, वर आलेला तेलाचा तवंग कागदाने टिपून घ्या. जळकं ऑइल कायद्याने घातक कचऱ्यात मोडतं. ते निघालंच तर तुमच्या गॅरेजच्या ऑइलच्या पिंपात द्या, बहुतेक गॅरेजमधून ते उचललं जातं. कमी तेलकट टॉवेल गरम पाण्यात, धुण्याच्या सोड्यात भिजवून वेगळे धुवा आणि ते गाडीसाठीच ठेवा. फार माखलेले टॉवेल तेलाच्या कागदांसह पिशवीत बांधून गॅरेजलाच द्या, घरच्या चुलीत किंवा कचऱ्याच्या शेकोटीत जाळू नका.